टॅपेटची फट : देहूरोडच्या रस्त्यावरील ट्रक इंजिनांचा इतिहास

इंजिन थंड असताना रॉकरचे तोंड आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा म्हणजे टॅपेटची फट. मर्सिडीझच्या ओएम ३५२ या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनावर ती इनलेट व्हॉल्व्हला ०.२० आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.३० मिलिमीटर ठेवतात. एवढीशी जागा ठेवण्याचे कारण पोलादाच्या स्वभावात आहे. पोलादाचा १०० मिलिमीटरचा दांडा १०० अंशांनी तापला की सुमारे ०.१२ मिलिमीटर लांब होतो, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. हेड आणि ब्लॉकही तापून वाढतात, पण व्हॉल्व्हच्या मानाने कमी. फट नसली तर लांबलेला दांडा रॉकरला टेकून राहतो, व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, तिथून जळता वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हचा काठ करपतो. फट जास्त झाली तर रॉकर दर वेळी व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेडवरच्या झाकणाखालून टकटक ऐकू येते. शिवाय व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, त्यामुळे गाडीची ओढ कमी होते.

ही फट माणसाने पात्याने मोजून राखायची की तेलाच्या दाबावर सोपवायची, असे दोन मार्ग विसाव्या शतकात तयार झाले. मुंबई-पुणे रस्त्यावर धावलेल्या ट्रकांनी जवळजवळ पूर्णपणे पहिला मार्ग धरला. मोटारींनी मात्र पुढे दुसरा मार्ग धरला, आणि तोही याच पट्ट्यातल्या कारखान्यांतून. या निवडीमागे जितके यंत्रशास्त्र आहे तितकेच औद्योगिक धोरण, तेलाचा दर्जा आणि घाटाचा चढ आहे.

देहूरोड पुण्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे. बोरघाटातून चाकांच्या गाड्यांचा रस्ता १८३० साली खुला झाला, नंतर लोहमार्ग आला आणि देहूला जाणाऱ्यांसाठी उतरायचे स्टेशन म्हणून या जागेला नाव मिळाले. गावाला आजचे रूप मात्र लष्कराने दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे दारूगोळ्याचे आणि लष्करी साहित्याचे डेपो उभे राहिले, आणि १९५८ साली कॅन्टोन्मेंट बोर्ड स्थापन झाले. डेपो म्हटला की लॉऱ्यांची अखंड ये-जा आलीच. त्यामुळे नागरी वाहतूक आणि लष्करी वाहतूक, दोन्हींच्या इंजिनांचा इतिहास या एका रस्त्यावर एकत्र वाचता येतो.

त्या काळच्या लॉऱ्या बहुतेक अमेरिकी घराण्याच्या होत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला, फोर्डची भारतीय कंपनी १९२६ सालची. महायुद्धात कॅनडातून आलेल्या फोर्ड आणि शेवरोलेट बनावटीच्या लष्करी लॉऱ्या हजारोंनी वापरात होत्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेक ‘डिस्पोजल’मध्ये विकल्या गेल्या आणि माल वाहू लागल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून डॉज आणि फार्गो हे ट्रक पुढे रस्त्यावर आले.

टॅपेटच्या दृष्टीने या तिन्ही घराण्यांची रीत वेगळी होती. फोर्डच्या साइड-व्हॉल्व्ह व्ही-८ इंजिनात फट जुळवायला स्क्रूच नव्हता. व्हॉल्व्ह घासून सीटवर नीट बसवला की तो थोडा खाली उतरायचा आणि फट कमी व्हायची. मग तो पुन्हा बाहेर काढून दांड्याचे टोक ग्राइंडरवर किंचित उडवायचे, बसवून पाहायचे, पुन्हा काढायचे. टोक एकदा जास्त उडाले की तो व्हॉल्व्ह त्या जागी निकामी, कारण उडवलेले लोखंड परत चढवता येत नाही. डॉजच्या साइड-व्हॉल्व्ह सहा सिलिंडरी इंजिनात स्क्रूचे टॅपेट होते, पण ते ब्लॉकच्या कुशीत, एक्झॉस्टच्या तापल्या नळ्यांखाली. शेवरोलेटच्या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये होते आणि रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि चेकनट. झाकण उघडले की सगळे डोळ्यांसमोर. पुढच्या काळात याच तिसऱ्या मांडणीने रस्ता जिंकला, आणि दुरुस्तीला सोपे असणे हा गुण इंजिनाच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा असतो, हे त्यात दिसून येते.

अमेरिकेत याच सुमारास दुसरा मार्ग रुळत होता. तिथल्या महागड्या मोटारींना टकटक नको होती. कॅडिलॅकच्या १९३० सालच्या सोळा सिलिंडरी इंजिनात तेलाच्या दाबाने रॉकरची फट भरून काढणारी योजना होती, आणि १९३३ साली पिअर्स-ॲरो कंपनीने हायड्रॉलिक टॅपेट आपल्या इंजिनात बसवले. शेवरोलेटने १९५० साली ऑटोमॅटिक गिअर असलेल्या मोटारींच्या २३५ घनइंची इंजिनात ते दिले. १९५५ सालच्या छोट्या व्ही-८ नंतर अमेरिकेतल्या हलक्या ट्रकांतही ही पद्धत सामान्य होत गेली.

या टॅपेटला लिफ्टर असेही म्हणतात. बाहेरून ते अंगठ्याएवढे पोलादी नळकांडे दिसते. त्याच्या आत एक प्लंजर असतो. प्लंजरच्या खाली तेलाची छोटी कोठडी, तिच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी गोळी आणि तळाशी हलकी स्प्रिंग. कॅमचा फुगवटा समोर नसतो तेव्हा स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून सगळी फट भरून काढते. त्या क्षणी इंजिनाच्या तेलवाहिनीतले तेल गोळीला बाजूला सारून कोठडीत शिरते. कॅमचा फुगवटा आला की कोठडीतल्या तेलावर दाब येतो आणि गोळी तोंड बंद करते. तेल दाबले जात नाही, म्हणून टॅपेट घट्ट दांड्यासारखा वागतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. प्लंजर आणि नळकांडे यांच्यामध्ये काही मायक्रॉनची जागा असते आणि तिथून दर वेळी थोडे तेल पाझरते. व्हॉल्व्ह तापून लांब झाला तरी तो उघडा अडकून राहत नाही, तो या पाझरामुळेच. सगळे यंत्र या दोन गोष्टींवर चालते, येणारे तेल आणि पाझरणारे तेल. पुढे बिघाड शोधतानाही याच दोन गोष्टी तपासायच्या असतात.

भारतात हे तंत्र त्या वेळी आले असते, पण त्याला दार बंद झाले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ सालच्या शिफारशीनंतर देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे होता, त्यांनाच मोटार उद्योगात राहता आले. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला, आणि १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही इथला कारभार थांबवला. अमेरिकी ट्रकांत हायड्रॉलिक टॅपेट शिरू लागले त्याच वर्षांत अमेरिकी ट्रक भारतातून गेले. ही गाठ योगायोगाची असली तरी तिचा परिणाम अर्धशतकभर टिकला.

त्यांची जागा जर्मन डिझेलने घेतली. टाटांची टेल्को आणि डाइम्लर-बेन्झ यांचा करार १९५४ साली झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिले टाटा-मर्सिडीझ ट्रक बाहेर पडले. त्यांचे ओएम ३१२ इंजिन सहा सिलिंडरचे, साडेचार लिटरहून किंचित मोठे. व्हॉल्व्ह हेडमध्ये, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, मध्ये पुशरॉड आणि वर रॉकर. करार १९६९ साली संपला, गाडीवर टाटांचे चिन्ह आले, पण इंजिनाची मांडणी तशीच राहिली. पुढच्या टाटा इंजिनांची नावे ही त्यांची मापेच आहेत. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर व्यास, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास. ६९७ ची ५,६७५ घनसेंटिमीटर क्षमता ओएम ३५२ शी नेमकी जुळते, कारण ते त्याच वंशाचे आहे.

लष्कराचा मार्गही जर्मनीतूनच गेला. १९५९ पासून जबलपूरला एमएएन कंपनीच्या परवान्याने बनलेला ‘शक्तिमान’ ट्रक छावण्यांमध्ये दिसू लागला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला.

हायड्रॉलिक टॅपेट या डिझेल ट्रकांना का दिले नाहीत, याची कारणे सरळ आहेत. डिझेलच्या स्वतःच्या धडधडीत टॅपेटची टकटक लपून जाते, तेव्हा शांततेसाठी पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. डिझेलच्या तेलात काजळी लवकर मिसळते, आणि काही मायक्रॉनच्या जागेतून पाझरणाऱ्या यंत्राला काजळी आणि चिकट गाळ सोसत नाही. तेल वेळेवर बदलले जाईल, योग्य प्रतीचे असेल, याची खात्री लांब पल्ल्याच्या ट्रकवर नव्हती. उलट स्क्रू आणि चेकनट कुठल्याही ढाब्यापाशी दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज घेऊन जुळवता येत. जिथे कंपनीचे वर्कशॉप शंभर किलोमीटर दूर आहे, तिथे हाच शहाणपणाचा निर्णय होता.

या जुळणीची रीत पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रकारे शिकवली गेली. सहा सिलिंडरी इंजिनाचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४. झाकण काढून क्रँक हाताने फिरवत जायचे आणि सहाव्या सिलिंडरचे रॉकर पाहायचे. तिथला एक्झॉस्ट मिटत आला आणि इनलेट उघडू लागला, म्हणजे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना दिसले, की पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात. मग पहिल्याचे टॅपेट सेट करायचे. क्रँक आणखी १२० अंश फिरवला की दुसऱ्याचे रॉकर हलतात, तेव्हा पाचव्याचे सेट करायचे. चौथ्यावर तिसऱ्याचे, पहिल्यावर सहाव्याचे, पाचव्यावर दुसऱ्याचे, तिसऱ्यावर चौथ्याचे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत बाराही टॅपेट पुरे होतात. फिलर गेजचे पाते ओढताना किंचित अडखळले पाहिजे, अडकता कामा नये. चेकनट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाते घालून पाहणे आवश्यक असते. घाईत हीच पायरी सुटते.

एवढे करूनही एखादा टॅपेट वाजत राहतो. त्याचे कारण बहुधा रॉकरच्या तोंडावर असते. वर्षानुवर्षे घासून तिथे व्हॉल्व्हच्या टोकाच्या आकाराचा उथळ खड्डा पडतो. फिलर गेजचे सपाट पाते त्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकते, खड्ड्यात उतरत नाही. पाते ०.३० सांगते आणि खरी फट त्याहून बरीच जास्त असते. अशा वेळी स्क्रू आवळत राहणे चूक आहे. रॉकरचे तोंड घासून सपाट करणे किंवा रॉकर बदलणे हाच उपाय. उलट दिशेचा दोष अधिक घातक, कारण तो आवाज करत नाही. खोपोलीहून खंडाळ्याकडे भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये चढतो तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खूप वेळ तापलेले राहतात, सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये बसत जातो. तसा तो वर सरकून फट खातो. टकटक नाहीशी होते, आणि ऐकणाऱ्याला इंजिन सुधारल्यासारखे वाटते. पुढे थंडीत गाडी सुरू व्हायला त्रास देते, एक सिलिंडर मिस मारू लागतो, आणि हेड उतरवल्यावर काठ जळालेला व्हॉल्व्ह हाती येतो. म्हणून आवाज येवो न येवो, ठरलेल्या अंतरावर टॅपेट तपासणे हा ट्रक चालवण्याच्या खर्चाचाच भाग धरला गेला.

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा याच काळात वाढत होता. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने १९६६ मध्ये पिंपरीत पाय रोवला. तिथून पहिले व्यापारी वाहन १९७७ साली बाहेर पडले आणि १९८६ साली ४०७ हा हलका ट्रक. आकुर्डीला बजाज टेम्पोचा कारखाना होता. ट्रक बनवणारे आणि ट्रक दुरुस्त करणारे आता एकाच रस्त्यावर आले. निगडीला ट्रान्सपोर्टनगरी वसली, आयटीआयमधून आणि कारखान्यांच्या ॲप्रेंटिस योजनांतून तयार झालेली मुले फिलर गेज हाताळायला शिकली. पुढे देहूरोड-कात्रज बाह्यवळण आणि किवळ्याशी येऊन मिळणारा द्रुतगती मार्ग यांमुळे देहूरोड हे अवजड वाहतुकीचे नाकेच झाले.

हायड्रॉलिक टॅपेट या पट्ट्यात आले ते ट्रकांतून नव्हे, मोटारींतून. मर्सिडीझ-बेन्झने १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीतील आवारात ई-क्लास मोटारी जुळवायला घेतल्या. त्यांच्या इंजिनांत कॅमच्या खाली हायड्रॉलिक टॅपेट होते. २००९ साली कंपनी चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकण कारखाना सुरू झाला, आणि तिथे बनलेल्या पोलोच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनातही रॉकरच्या एका टोकाखाली असेच तेलावर चालणारे आधार होते. या इंजिनांच्या झाकणाखाली स्क्रूच नाही. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर टकटक ऐकली की पाना उचलला, त्याला इथे आधी तेलाकडे पाहावे लागते.

हायड्रॉलिक टॅपेट वाजू लागला तर बिघाड शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिली गोष्ट म्हणजे आवाज केव्हा येतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना काही सेकंद टकटक झाली आणि थांबली, तर तो बिघाड नव्हे. उघड्या व्हॉल्व्हच्या दाबाखाली राहिलेल्या टॅपेटमधून तेल पाझरलेले असते, ते परत भरते. तीच टकटक बराच वेळ टिकू लागली तर तेल-फिल्टर पाहावा, कारण इंजिन बंद झाल्यावर तेल खाली उतरू न देणारी झडप ज्यात नाही असा स्वस्त फिल्टर बसवला की तेलवाहिन्या रिकाम्या होतात. सगळेच टॅपेट एकदम वाजत असतील तर दोष एका टॅपेटमध्ये असू शकत नाही. तेलाची पातळी, तेलाचा दाब आणि तेलाची जात पाहावी. पातळी खूप खाली गेली तर पंप तेलासोबत हवा ओढतो. पातळी गरजेपेक्षा वर असली तरी परिणाम तोच, कारण क्रँक तेलात आपटून फेस करतो. फेसाळलेले तेल कोठडीत गेले की ते दाबले जाते, आणि दाबले जाणारे तेल व्हॉल्व्ह पूर्ण उघडू शकत नाही. ‘तेल आहे ना भरपूर’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याच्या हातून हा दोष नेमका निसटतो.

एकच टॅपेट वाजत असेल तर तो शोधावा लागतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक झाकणावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून एकेक जागा ऐकत जायची ही जुनी रीत आजही उपयोगी पडते. पुशरॉडच्या इंजिनात झाकण काढून, धीम्या गतीवर चालत्या इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पातळ पाते सरकवले आणि आवाज दबला, तर गुन्हेगार तोच. मग इंजिन बंद करून, कॅमचा फुगवटा खाली असताना त्या टॅपेटवर जोराने दाब द्यावा. चांगला टॅपेट कणखर लागतो, बिघडलेला लगेच दबतो. कारणे मोजकीच असतात: गोळीखाली अडकलेला कण, गाळाने चिकटलेला प्लंजर, किंवा झिजून वाढलेली जागा. पहिल्या दोन कारणांना कधी कधी तेल आणि फिल्टर बदलून गाडी थोडी चालवली की उतार पडतो. त्यासाठी इंजिनात रॉकेल ओतून धुण्याची जुनी सवय मात्र इथे धोक्याची आहे. सुटलेला गाळ तेलवाहिनीच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो आणि एकाऐवजी चार टॅपेट वाजू लागतात.

काही वेळा आवाज अजिबात नसतो आणि तरी सिलिंडर मिस मारतो. टॅपेट पुरता भरून वर अडकला असेल तर व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो. म्हणून नवे टॅपेट बसवल्यावर फोक्सवॅगनच्या पद्धतीत इंजिन सुमारे अर्धा तास सुरू करत नाहीत. जादा तेल पाझरून प्लंजर आपल्या जागी बसू देतात आणि मग क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पाहतात.

जुने अमेरिकी ट्रक जपणाऱ्यांच्या हाती हायड्रॉलिक लिफ्टरचे व्ही-८ इंजिन येते, तेव्हा वरच्या तपासणीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. त्या इंजिनांत रॉकरचा नट आवळून लिफ्टरच्या प्लंजरला ठरावीक खोलीवर दाबून ठेवायचे असते. पुशरॉड दोन बोटांत फिरवत नट हळूहळू आवळायचा. फिरवताना तो जड लागू लागला की ती शून्य फट, आणि तिथून पुढे पाऊण ते एक फेरा. ट्रकच्या स्क्रूची सवय असलेला हात इथे ०.२० ची फट ठेवून मोकळा होतो, आणि सगळे लिफ्टर वाजत राहतात. दुसरी गोष्ट लिफ्टरच्या तळाची. तो सपाट दिसला तरी मध्यभागी नावापुरता फुगीर असतो, त्यामुळे कॅमवर घासताना लिफ्टर स्वतःभोवती फिरतो आणि झीज पसरते. प्रत्येक लिफ्टर आपल्या कॅमशी जुळून घासलेला असल्यामुळे उघडताना कोणता कुठला हे खुणा करून ठेवावे लागते. जुना लिफ्टर दुसऱ्या कॅमवर किंवा नव्या कॅमवर बसवला तर दोन्ही थोड्याच दिवसांत कुरतडले जातात. तळाला खोलगट झालेला लिफ्टर कितीही स्वच्छ केला तरी उपयोगाचा नाही. आधुनिक मोटारींच्या तेलांत झीज रोखणाऱ्या जस्त-फॉस्फरस संयुगाचे प्रमाण कमी केलेले असते, कारण ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधते. जुन्या सपाट लिफ्टरांना मात्र ते लागते. तेव्हा डब्यावरचे सर्वांत नवे मानक पाहून घेतलेले तेल या इंजिनांना मानवेलच असे नाही.

अवजड ट्रकांनी आजही फट हातानेच राखली आहे. व्हॉल्व्ह आता एका सिलिंडरला चार आहेत, इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फवारले जाते, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निर्बंध लागू आहेत. तरी अनेक मोठ्या इंजिनांत रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि चेकनट कायम आहेत, कारण तिथे टॅपेटवरचा भार मोठा असतो आणि एका तेलबदलापासून दुसऱ्यापर्यंत ट्रकला लांबचा पल्ला गाठायचा असतो. शिवाय घाट उतरताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ठरावीक क्षणी उघडून गाडी रोखणाऱ्या इंजिन-ब्रेकला मोजलेली, न बदलणारी फट लागते.